महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी : एका पसरणाऱ्या वनस्पतीचा स्थानिक इतिहास

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत स्ट्रॉबेरीविषयी चौकशी केली असता "ती इंग्रजांनी आणली" एवढेच उत्तर बहुधा मिळते. प्रवाशांसाठी छापलेल्या मार्गदर्शिकांतही याहून अधिक मजकूर क्वचितच आढळतो. हे उत्तर खोटे नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ते फारच अपुरे आहे. इंग्रजांनी या डोंगरावर पुष्कळ वनस्पती आणल्या. त्यांपैकी सिंकोना सरकारी खर्चाने आणला गेला आणि नामशेष झाला. बटाटा आला आणि रुजला. पाचगणीत सिल्व्हर ओक वाढला आणि आता तो तेथलाच वृक्ष वाटावा इतका रुळला आहे. यावरून एवढे स्पष्ट होते की एखादी वनस्पती आणणे ही एक घटना असते, आणि ती टिकणे ही वर्षानुवर्षे चालणारी क्रिया असते. पहिल्या घटनेचे श्रेय एखाद्या साहेबाला देऊन मोकळे होता येते. दुसऱ्या क्रियेचा कर्ता शोधावयाचा तर माळी, कैदी, कुणबी आणि व्यापारी यांच्याकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात स्ट्रॉबेरीचा विचार या दुसऱ्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम वनस्पतीची प्रकृती समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास तिच्यावर अवलंबून आहे. स्ट्रॉबेरी ही गुलाबाच्या कुलातील, वीतभर उंचीची, वर्षभर हिरवी राहू शकणारी बहुवर्षायू वनस्पती होय. तिचे मूळ खोड अगदी आखूड असते आणि त्यातूनच त्रिदली पाने, पांढऱ्या फुलांचे घोस व लांब, बारीक, जमिनीलगत सरपटत जाणारी खोडे निघतात. या सरपटत्या खोडांना शेतकरी 'रनर' म्हणतात. रनरच्या साधारणपणे दुसऱ्या पेऱ्यावर एक लहान रोप तयार होते, ते मातीला टेकताच मुळे धरते, आणि त्यातून पुन्हा नवा रनर निघतो. अशा रीतीने एका रोपापासून एका हंगामात पुष्कळ रोपे होतात आणि ती सर्व गुणधर्मांनी मूळ रोपासारखीच असतात. युरोपात हिच्या रानटी जाती बागेतील वाफ्यांच्या कडेला व झाडांखालची उघडी जमीन झाकण्यासाठी लावीत असत. फळ हा अशा ठिकाणी दुय्यम लाभ होता. पसरणे हा मुख्य गुण. ज्याला आपण फळ म्हणून खातो ते शास्त्रदृष्ट्या फुलाचे फुगलेले आसन असून त्याच्या पृष्ठभागावरील बारीक दाणे हीच खरी फळे होत, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच.

आज जगभर लागवडीत असलेली मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी ही निसर्गात आढळणारी जाती नव्हे. तिचा जन्म अठराव्या शतकात फ्रान्समधील बागांत झाला. १७१४ मध्ये आमेदे फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची पाहणी करून परतला, तेव्हा त्याने चिलीमधील कॉन्सेप्सियोन येथून मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची रोपे सोबत आणली. ही रोपे त्याला रानात सापडली नव्हती. तेथील मूळच्या रहिवाशांनी ती जात निवडून शेतांत वाढविलेली होती. सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात गोड्या पाण्याची टंचाई होती, आणि पाण्याचा ताबा जहाजावरील मालाच्या अधिकाऱ्याकडे होता. त्याने रोपांना पाणी घालू दिले म्हणून पाच रोपे जिवंत राहिली. त्याबद्दल फ्रेझिएने त्यांतील दोन रोपे त्या अधिकाऱ्यास दिली. उरलेल्या तिघांपैकी एक पॅरिसच्या राजोद्यानात गेले, एक ब्रेस्टच्या किल्ल्याशी संबंधित वरिष्ठाकडे गेले आणि एक त्याने स्वतःकडे ठेवले. वनस्पतींच्या प्रवासाच्या इतिहासात आणणाऱ्याचे नाव राहते आणि पाणी घालणाऱ्याचे सहसा जाते. येथे ते अपवादाने टिकले आहे.

या रोपांना फक्त स्त्रीपुष्पे येत असल्यामुळे त्यांना एकटी असता फळ धरेना. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनियन स्ट्रॉबेरीच्या शेजारी ती लावली गेली, तेव्हा फळे आली आणि बियांतून संकरित रोपे उगवली. या संकराचा उलगडा आंत्वान निकोला दुशेन या तरुणाने १७६६ च्या आपल्या ग्रंथात केला. त्या वेळी तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मायकेल कीन्स याने या संकरातून नवे वाण निवडले, आणि तेथपासून स्ट्रॉबेरी ही इंग्रजी बागेची मानाची वस्तू झाली. म्हणजे महाबळेश्वरला इंग्रजांची वस्ती होऊ लागली तेव्हा मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी ही त्यांच्या स्वतःच्या देशातही नवलाचीच होती. "जुनी इंग्रजी वनस्पती" अशी तिची जी प्रतिमा आपल्याकडे आहे ती म्हणून दुरुस्त करावी लागते. तिचे एक मूळ चिलीच्या शेतकऱ्यांकडे, दुसरे उत्तर अमेरिकेच्या रानात आणि संयोग फ्रान्समध्ये, असा हा प्रकार आहे.

आता महाबळेश्वरकडे वळू. क्षेत्रमहाबळेश्वर हे कृष्णेच्या उगमाचे तीर्थ म्हणून फार प्राचीन आहे. पण त्याच्या दक्षिणेकडील पठारावरचे थंड हवेचे ठिकाण एकोणिसाव्या शतकातील आहे. १८२४ मध्ये कर्नल लॉडविक हा अधिकारी या पठारावर आला. त्यानंतर साताऱ्याचा रेसिडेंट जनरल ब्रिग्ज याने येथे घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी रस्ता करविला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ पासून आरोग्यस्थानाची उभारणी हाती घेतली, आणि १८२९ च्या करारान्वये वाईजवळील खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा प्रदेश साताऱ्याच्या राज्याकडून कंपनीकडे गेला. नव्या पेठेस माल्कमपेठ असे नाव पडले. वेण्णा तलाव १८४२ मध्ये महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या कारकीर्दीत झाला, आणि तलावाखालच्या ओलाव्याच्या जमिनींत बागा करणे सोयीचे झाले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तेव्हा या डोंगरावर दोन सत्तांच्या सरहद्दीचा प्रश्नच उरला नाही.

माल्कमच्याच काळात पुण्याजवळ दापोडी येथे कंपनीची वनस्पतिबाग सुरू झाली. तिचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८६१ मध्ये त्यांनी व डाल्झेल यांनी मिळून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला; त्याच्या पुरवणीत बाहेरून आणलेल्या वनस्पतींचीही नोंद आहे. बाहेरच्या वनस्पती आणून त्या कोठे रुजतात हे पाहणे हा त्या काळातील सरकारी धोरणाचाच भाग होता, आणि चार-साडेचार हजार फूट उंचीचे महाबळेश्वर हे अशा प्रयोगास योग्य वाटणे स्वाभाविक होते. तथापि सरकारचे लक्ष उपयोगी पिकांकडे होते. १८६० नंतरच्या दशकात लिंगमळा येथे सिंकोनाची लागवड झाली ती हिवतापावरील क्विनीनसाठी. निलगिरीवर जे साधले ते येथे साधले नाही. येथला पाऊस चार महिन्यांत एकदम कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. या दोन टोकांत सिंकोना तगला नाही. लिंगमळ्याचे नाव आता धबधब्यामुळेच लोकांना आठवते. तेथे एके काळी इलाख्याच्या आरोग्याची आशा लावून झाडे वाढविली होती, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

सिंकोनाचा नाश आणि स्ट्रॉबेरीचा टिकाव या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. सिंकोना ही वृक्षजातीची वनस्पती. तिला वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहून प्रत्येक पावसाळा सोसावा लागतो. स्ट्रॉबेरीला तसे नाही. तिचे रोप टोपलीत घालून नेता येते. मूळ रोप कुजले तरी रनरवरचे एखादे पोर जगले की वाण जिवंत राहतो. सिंकोना टिकवावयाचा तर खाते, अंदाजपत्रक आणि अधिकारी लागत होते. स्ट्रॉबेरी टिकवावयास एक काळजीवाहू माणूस पुरत होता.

असा माणूस या डोंगरावर कोठून आला? येथे चिनी कैद्यांचा विषय येतो. १८३० नंतरच्या दशकात माल्कमपेठेत पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेल्या चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला गेला. या कैद्यांकडून रस्त्यांची कामे करून घेतली जात आणि भाजीपाल्याच्या बागाही लावून घेतल्या जात. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये त्यांच्या बागकामाची दखल घेतलेली आहे, आणि बटाटा व युरोपीय भाज्या लावण्याची कला आसपासच्या लोकांनी त्यांच्यापासून उचलली असे परंपरा सांगते. १८६० नंतरच्या दशकात तुरुंग बंद झाला. काही कैदी मुक्त होऊन येथेच माळीकाम करीत राहिले. पठाराच्या दक्षिणेकडील एका धबधब्याला आजही 'चायनामन' हे नाव आहे ते जवळच्या त्यांच्या बागांवरूनच पडले.

स्ट्रॉबेरीचे श्रेयही काही जण या चिनी माळ्यांना देतात. मला हा दावा ताणलेला वाटतो. स्ट्रॉबेरी हे बंगल्यांच्या टेबलावरचे फळ होते आणि तिच्या आवडीचा उगम साहेबांच्या घरात होता. चिनी माळ्यांचे ऋण एका पिकापुरते नाही, ते त्याहून मोठे आहे. विक्रीसाठी, हंगाम साधून, थोड्या जागेत मेहनतीने भाजीपाला लावावयाचा ही रीत त्यांनी या डोंगरावर प्रथम घालून दिली. त्यापूर्वी येथले कुणबी, कोळी व धनगर नाचणी, वरी, सावा अशी डोंगरी धान्ये घेत आणि ती पुष्कळदा कुमरी पद्धतीने, म्हणजे झाडी तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतात घेत. वनखात्याचा अंमल वाढला तशी कुमरी बंद पडत गेली. डोंगरात लोखंड गाळणाऱ्या धावडांचा धंदाही कोळशासाठी लाकूड मिळेनासे झाल्याने बसला. जंगल हातचे गेले आणि बंगल्यांची वस्ती वाढली. या दोन्ही गोष्टी एकाच पिढीच्या अनुभवात आल्या. बंगल्यांवर माळी म्हणून राहणे, हंगामात भाजी व फळे विकणे, मध गोळा करणे, ही कामे या लोकांनी हौसेने पत्करली नाहीत. दुसरा मार्ग कमी उरल्यामुळे पत्करली. स्ट्रॉबेरीचा स्थानिक इतिहास लिहिताना हा भाग गाळता येत नाही.

बंगल्याच्या बागेतील रोप माळ्याच्या शेतात कसे गेले याचे उत्तर वनस्पतीच्या प्रकृतीतच आहे. कलमी आंब्याची फांदी कोणी तोडली तर मालकाच्या ध्यानात येते. स्ट्रॉबेरीचे रनर मात्र माळ्याने काढून टाकलेच पाहिजेत, नाही तर मूळ रोपाची शक्ती त्यांत खर्च होऊन फळ लहान राहते. जे बागेच्या दृष्टीने काढून टाकण्याजोगे, तेच शेताच्या दृष्टीने बियाणे. बाग झाडून काढलेल्या टोपलीत नव्या शेताची सुरुवात होती. यात चोरी नव्हती आणि देणगीही नव्हती. मालकी हक्काच्या कल्पनांना न जुमानता पसरणाऱ्या वनस्पतींचा एक वर्ग असतो. स्ट्रॉबेरी त्यात मोडते.

मात्र पसरणे सोपे असले तरी महाबळेश्वरी तिला टिकविणे सोपे नव्हते, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. स्ट्रॉबेरीच्या जुन्या वाणांत दिवसाची लांबी व थंडी यांवर फुलोरा अवलंबून असतो. दिवस लहान व रात्री थंड झाल्या की रोपात फुलांच्या कळ्या धरतात. दिवस मोठे व हवा उबदार झाली की फुलांऐवजी रनर निघू लागतात. इंग्लंडमध्ये याचा क्रम असा बसतो की शरदात कळी धरते, हिवाळ्यात रोप बर्फाखाली झोपते आणि जूनच्या सुमारास फळ येते. महाबळेश्वर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांच्या किंचित वर असतो. हिवाळा सौम्य असल्याने रोप झोपत नाही. परिणामी पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेले रोप नोव्हेंबरपासून फुलते-फळते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडा चालू राहतो. इंग्लंडात उन्हाळ्याची खूण असलेले फळ येथे हिवाळ्याचे झाले. साहेबांच्या घरचे पंचांग या वनस्पतीने सोडून दिले आणि सह्याद्रीचे धरले.

येथवर सर्व सोयीचे आहे. अडचण पुढेच येते. रनर निघण्याचा काळ म्हणजे उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाळा. आणि महाबळेश्वरचा पावसाळा म्हणजे वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस, त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याची लाल माती पाणी लवकर निचरू देते खरी. पण आठवडेच्या आठवडे धुके, झड आणि सूर्यदर्शन नाही अशा स्थितीत जमिनीलगतच्या कोवळ्या रोपाचे खोड व मुळे कुजतात. म्हणजे ज्या काळात नव्या वर्षाची रोपे तयार व्हावयाची, नेमका तोच काळ रोपांच्या मुळावर येणारा. पावसाळा ओलांडण्याचे दोनच मार्ग संभवतात. एक, मोजकी रोपे उंच गादीवाफ्यावर लावून त्यांवर शाकारलेला मांडव घालणे. दुसरा, रोपे पूर्वेकडे उतरविणे. सह्याद्रीच्या या भागात पूर्वेकडे जाताना पाऊस इतक्या झपाट्याने कमी होतो की बाहेरच्या माणसाला ते खरे वाटत नाही. अठरा-एकोणीस किलोमीटरवरील पाचगणीला महाबळेश्वरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास पाऊस पडतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला गेले की तो एक हजार मिलिमीटरच्याही खाली येतो. आजही रोपवाटिकांचे मोठे केंद्र वाई तालुक्यातच आहे, आणि वरच्या पठारावरचे शेतकरी पावसाळ्यात तेथून रोपे तयार करून आणतात.

पसरणीचा घाट हा स्ट्रॉबेरीच्या इतिहासात केवळ माल खाली नेण्याचा रस्ता नाही. वनस्पतीला वर्षाच्या चार महिन्यांसाठी आसरा देणाऱ्या खोऱ्याशी पठार जोडणारा तो दुवा आहे. महाबळेश्वरची म्हणून जी स्ट्रॉबेरी आपण ओळखतो ती वस्तुतः महाबळेश्वर व वाई या दोन हवामानांच्या मधली वनस्पती आहे. पठारावर थंडी, खोऱ्यात आसरा; यांपैकी एकही नसते तर हे पीक येथे नसते. स्थानिक इतिहासकार एखाद्या गावाचा इतिहास गावाच्या शिवेपाशी थांबवितात. या उदाहरणात तशी शीव आखणे चुकीचे ठरेल.

बाजाराविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. पिकलेले फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाबळेश्वरला येणारा प्रवासी रेल्वेने वाठारला उतरे आणि तेथून वाई-पाचगणीमार्गे टांग्याने वर येई. त्याच वाटेने उलट दिशेस फळ मुंबईला पाठविणे व्यवहार्य नव्हते. म्हणून मोटारीचे युग येईपर्यंत स्ट्रॉबेरीचा ग्राहक डोंगरावरच होता. मुंबई सरकारचा मुक्काम उन्हाळ्यात येथे असे, बंगले भरत, आणि तोड्याचे शेवटचे आठवडे या गर्दीच्या आरंभाशी जुळत. पीक त्या हंगामाच्या मापानेच लावले जाई. मोटाररस्ता झाल्यावर फळ पुण्या-मुंबईस जाऊ लागले. तरीही लहान, दबलेले व उशिराचे फळ उरतच असे. १९५९ मध्ये पाचगणी येथे किशोर व्होरा यांनी मॅप्रो या नावाने फळप्रक्रियेचा उद्योग सुरू केला, आणि पुढे या परिसरात जॅम, सिरप व क्रश करणारे इतर उद्योगही वाढले. फळाचा दर पडल्यावर जावयाचे कोठे, हा शेतकऱ्याचा प्रश्न यामुळे काही अंशी सुटला. आज स्ट्रॉबेरीचे नाव घेताच पर्यटकाच्या डोळ्यांपुढे क्रीमचा पेला येतो. त्याच्यामागे मुरब्ब्याच्या कढईची ही साठ-सत्तर वर्षे आहेत.

परागीभवनाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण तो जुन्या लेखनात सहसा सुटतो. स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक फुलात अनेक स्त्रीकेसर असतात आणि त्यांपैकी जेवढ्यांस पराग मिळेल तेवढाच फळाचा भाग फुगतो. परागीभवन अपुरे झाले की फळ वाकडे-तिकडे होते. या डोंगरावर मधमाश्या पाळण्याची परंपरा आहे, महाबळेश्वरचा मध प्रसिद्ध आहे आणि २०२२ मध्ये तालुक्यातील मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. जंगल राखल्याने माशी राहते आणि माशीमुळे फळ सुडौल होते, हा संबंध शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, तेव्हापासून बांधकाम व जमीनवापरावरील निर्बंधांविषयी येथे सतत वाद चालतो. त्या वादात स्ट्रॉबेरीचे पीक दोन्ही बाजूंना उभे आहे. उतार फोडून नवे वाफे करावयाचे तर निर्बंध आडवा येतो, आणि तोच निर्बंध नसेल तर माशीचे रान जाते.

आता शेवटच्या टप्प्याकडे यावे लागेल, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८० नंतरच्या, विशेषतः १९९० नंतरच्या काळात येथे परदेशी वाणांची लाट आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा चँडलर हा वाण १९८३ चा. त्यानंतर स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन, नाबिला असे वाण आले. फळ मोठे, टणक, प्रवास सोसणारे, उत्पन्न कितीतरी अधिक. ठिबक सिंचन, गादीवाफ्यावर पसरलेला मल्चिंग पेपर आणि विद्राव्य खते यांनी पिकाचे रूपच बदलले. देशातील स्ट्रॉबेरीच्या सुमारे ८५ टक्के उत्पादन या परिसरात होते असे सांगितले जाते. भिलारसारख्या गावाची समृद्धी या पिकावर उभी राहिली. २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' म्हणून भिलारची निवड झाली, तेव्हा वाचकांसाठी दारे उघडणारी अनेक घरे ही स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्यांचीच होती.

परंतु या बदलाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. नवे वाण दरवर्षी मातृरोपांच्या स्वरूपात अमेरिका, इटली, स्पेन इत्यादी देशांतून मागविले जाऊ लागले. ही मातृरोपे विलगीकरणाचे नियम पार करून येतात, खोऱ्यातील रोपवाटिकांत त्यांचे रनर वाढविले जातात, आणि त्या रनरांपासून झालेली रोपे शेतात जातात. पीक निघाले की रोपे उपटून टाकतात. ज्या वनस्पतीला बहुवर्षायू म्हणून आपण आरंभी ओळखले ती शेतकऱ्याच्या हिशेबात एकवर्षायू झाली आहे. यामागे निव्वळ फॅशन आहे असे समजणे अन्यायाचे होईल. रनर मूळ रोपाची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे त्यातील विषाणूही पुढच्या पिढीकडे जातात. दरवर्षी आपल्याच शेतातील रनर लावीत गेल्यास काही वर्षांत उत्पन्न घसरते. ऊतिसंवर्धनाने शुद्ध केलेले मातृरोप आणणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे, आणि कर्ज काढून वाफे करणाऱ्या शेतकऱ्याने खात्रीकडे झुकावे यात नवल नाही.

तरीही यातून जो प्रश्न उभा राहतो तो टाळता येत नाही. २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नावास भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. १९९९ च्या ज्या कायद्याखाली ही नोंदणी झाली त्याची कल्पना अशी की वस्तूचा गुण हा त्या भूमीशी व तेथल्या लोकांच्या कौशल्याशी बांधलेला असतो. आणि रोप येते फ्लोरिडाहून किंवा इटलीहून. हा विरोध दाखवून काही जण नोंदणीची टिंगल करतात. मला ती टिंगल उथळ वाटते. या फळाची चव पठारावरच्या थंड रात्री, जांभ्याची माती आणि ऊन यांतून येते. रोप कोठलेही असो, ते फळ दुसरीकडे तसेच येणार नाही. पण नोंदणीने जे संरक्षिले ते फळाचे नाव आहे. या डोंगरावरच्या माणसांचे वाण टिकविण्याचे कौशल्य त्या नोंदणीत बसलेले नाही. ज्या कौशल्यामुळे हे फळ येथे शंभराहून अधिक वर्षे राहिले, म्हणजे मोजकी रोपे पावसाळ्यापार नेणे, चांगले रोप ओळखणे, त्याचेच रनर राखणे, ते आता खरेदीच्या पावतीत विरून चालले आहे. वनस्पती-वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम, २००१ हा शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क देतो. हक्क आहे, पण राखण्याजोगे स्थानिक वाणच उरले नाही तर तो हक्क कशावर बजावावयाचा?

जुन्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात 'ऑस्ट्रेलियन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या स्ट्रॉबेरीचा उल्लेख येतो. फळ लहान, रंग गडद, वास घरभर पसरणारा, आणि टोपलीत दुसऱ्या दिवशी टिकणार नाही असे, हे तिचे वर्णन. व्यापाराच्या दृष्टीने ती मागे पडली यात आश्चर्य नाही. पण अनेक पिढ्या या पठारावर पावसाळा पार करीत आलेले जे जुने वाण, त्यांत येथल्या कुजीला तोंड देण्याचा काही अंश निवडला गेला असण्याचा संभव आहे. माळ्याने दरवर्षी जगलेल्या रोपाचेच रनर घेतले असतील, तर निवड आपोआपच झाली असणार. हा विचार इतिहासाच्या अभ्यासकापेक्षा कृषिसंशोधकाने पुढे न्यावयाचा आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र महाबळेश्वरीच आहे. गव्हावरील तांबेऱ्याचा अभ्यास जेथे दीर्घकाळ होत आला तेथे एखाद्या बांधावर, जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी किंवा देवळाच्या परसात उरलेली जुनी रोपे गोळा करून त्यांची नोंद ठेवणे अवघड नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामही त्याला जोडूनच आहे. जुन्या बंगल्यांचे भाडेपट्टे व माळ्यांच्या पगाराची चिठोरी यांची पाहणी, आणि ज्या घरांत तीन-चार पिढ्या हे पीक आहे त्या घरांतील वृद्धांच्या आठवणी, ही साधने दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.

मे महिन्याच्या अखेरीस, शेवटचा तोडा उरकल्यावर, काही शेतांत उपटून न टाकलेली रोपे अजूनही दिसतात. फळ संपलेले असते, पाने थोडी करपलेली असतात, आणि मल्चिंग पेपरच्या कडेवरून तांबूस रंगाचे रनर वाटेच्या मातीकडे सरकत असतात. पेपरला असलेल्या भोकांबाहेर त्यांना मूळ धरण्यास जागा नसते, म्हणून ते वाफ्याच्या काठावरून खाली लोंबतात आणि पायवाटेवर टेकतात. तेथे एक-दोन रोपे लागतात. त्यांवर गवताचा मांडव कोणी घातला तर ती पावसाळा काढतील. नाही घातला तर जुलैच्या झडीत कुजतील.